मुलांची न्याहारी आणि मुलांचे मन

(सिनेगॉगच्या सुवर्णमहोत्सवी वर्धापनदिनी महिला मंडळातर्फे केलेले भाषण)



आजच्या शुभदिनी आम्हाला दोन शब्द बोलण्याची संधी दिल्याबद्दल कमिटीचे मनःपूर्वक आभार. अशा प्रसंगी महिला मंडळाने मलिद्याच्या प्रथेवर किंवा कोकणातल्या जुन्या आठवणींवर बोलावे, अशी अपेक्षा असते. आम्ही आमचा विषय कळविला तेव्हा कमिटीतील एक गृहस्थ हसून म्हणाले, "न्याहारीवर कसले भाषण करायचे? न्याहारी करायची असते!" त्यांचे म्हणणे खरे आहे. परंतु आपल्या नातवंडांपैकी किती मुले ती करून शाळेत जातात, हे एकदा मोजून पाहावे, म्हणून हे भाषण.

हे भाषण आम्ही चौघींनी मिळून तयार केले आहे, वाचते आहे एकजण. चौघीही आज्या. आमच्यापैकी दोघींनी कापडाच्या कारखान्यात आयुष्य काढले, एकीने लहान मुलांच्या गनमध्ये मदतनीस म्हणून काम केले आणि एकजण कुपात होलीमच्या दवाखान्यात नर्स होती. त्यामुळे पुस्तकातले जे काही आहे ते नर्सबाईंनी पाहून दिले आहे, आणि बाकीचे आम्ही भोगलेले आहे.

प्रथम आमची चूक कबूल करतो. आम्ही अलिया करून नेगेवमधल्या या गावी आलो, तेव्हा पहाटे साडेपाचला कामाची बस यायची. पुरुष मंडळी मृत समुद्राकडे, आम्ही कारखान्यात. बाहेर वाळवंटातली थंडी. मुलांना उठवायचे, तोंड धुवायला लावायचे, मोठ्या मुलीच्या हवाली करायचे आणि बस गाठायची. टेबलावर पाव आणि चहाचा कप झाकून ठेवलेला असे. संध्याकाळी परत यावे तर पुष्कळदा तो पाव तसाच सुकून पडलेला! डब्यात भाकरी आणि चटणी द्यावी, तर मुले ती शाळेच्या वाटेवर टाकून देत. वर्गातली मुले नाकाला हात लावीत, बोटांना हळदीचा पिवळा डाग दिसला की हसत. हे आम्हाला कित्येक वर्षांनी समजले. त्या वेळी आम्हाला एवढेच दिसे की डबा रिकामा आला. म्हणजे मुलाने खाल्ले!

मग शाळेतून बोलावणे यायचे. मुलगा वर्गात पेंगतो, लक्ष देत नाही, धक्काबुक्की करतो. आम्हाला हिब्रू धड येत नव्हते. मोरा बोलत असे आणि आम्ही मान डोलवीत असू. घरी येऊन मुलाला दोन धपाटे घालीत असू. आमच्यापैकी एकीच्या मुलाला तिसरीत असताना मंद ठरवून वेगळ्या वर्गात बसविण्यात आले. आज तो पंचावन्न वर्षांचा आहे, वीजकामाचा स्वतःचा धंदा करतो, मोठमोठे हिशेब तोंडी करतो. दोन वर्षांपूर्वी शुक्रवारी रात्री किद्दुशनंतर सगळे जेवायला बसले असताना तो सहज बोलून गेला, "आई, मला गणित येत होते ग. दहा वाजेपर्यंत डोकेच चालत नसे." त्या रात्री आमच्या मैत्रिणीला जेवण गेले नाही.

त्या वेगळ्या वर्गाचा सगळा दोष उपाशी पोटावर टाकावा, असे आम्हाला म्हणायचे नाही. भाषा नवी होती, हाती पैसा नव्हता, आणि आपल्या लोकांकडे बघण्याची दृष्टीही तेव्हा निराळी होती. परंतु इतक्या सगळ्या कारणांत उपाशी पोट हे असे कारण होते, की ज्याचे काहीतरी आमच्या हातात होते. आणि तेच आमच्या लक्षात आले नाही.

तुम्ही म्हणाल, आता काळ बदलला, आता कोणाच्या घरी काय कमी आहे? फ्रिज भरलेला आहे हे खरे. पण मूल उपाशीच जात आहे. आमच्यापैकी दुसरीचा नातू आठ वर्षांचा आहे. त्याचे आईवडील दोघेही बेर शेवाला नोकरीला, सव्वासहाला घर सोडतात. मागल्या वर्षी मोराचे फोन सुरू झाले. मुलगा पहिले दोन तास गप्प असतो आणि तिसऱ्या तासाला शेजारच्याला ढकलतो, रडतो, एकदा तर त्याने वही फाडली. घरात वादावादी सुरू झाली. बाप म्हणे लाड फार झाले, आई म्हणे शाळा वाईट. नर्सबाईंनी सांगितले, आधी वही घ्या आणि मूल सकाळी काय खाते ते लिहून काढा, कोणाला बोल लावू नका. शाळेचे दहा दिवस लिहिले. सात दिवस त्याने काहीही खाल्ले नव्हते, दोन दिवस चॉकलेट लावलेल्या पावाचा अर्धा तुकडा आणि एक दिवस नुसता शोको. आणि हे मूल काही गरिबाघरचे नव्हे.

आता हिशेब करू. रात्री सातला जेवलेले मूल सकाळी काही न खाता शाळेत गेले, तर दहाच्या सुटीतल्या आरुहात एसेरपर्यंत त्याच्या पोटात पंधरा तास अन्न नसते. दारफाळणीच्या सणाला, म्हणजे किप्पुरला, आपण मोठी माणसे पंचवीस तासांचा उपास करतो. वर्षातून एकदा. त्या दिवशी दुपारनंतर आपली काय अवस्था होते, ते आठवा. डोके दुखते, कोणी जरा मोठ्याने बोलले तरी राग येतो, तेफिलाची ओळ हरवते. आपल्या धर्माने लहान मुलांना त्या उपासातून मोकळे ठेवले आहे. आणि आपण मात्र त्याच मुलांना आठवड्यातून पाच-सहा दिवस त्याच्या निम्म्याहून अधिक उपास घडवितो आणि वर म्हणतो, शांत बस, गणित सोडव!

मुलाला हा उपास आपल्यापेक्षा जड का जातो, याचे कारण मेंदूत आहे. स्वस्थ पडून असताना शरीर जेवढी शक्ती खर्च करते, त्यातील सुमारे २० टक्के प्रौढ माणसाच्या मेंदूला लागते. पाच वर्षांच्या मुलाच्या मेंदूला सुमारे ६६ टक्के लागते, असे २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले. मेंदूचे मुख्य इंधन म्हणजे रक्तातील साखर. रात्रभर ही साखर यकृतातल्या साठ्यातून पुरविली जाते, आणि लहान मुलाचे यकृतही लहानच असते. साखर खाली येऊ लागली की शरीर ॲड्रेनलिनसारखी द्रव्ये सोडून ती वर आणते. आपण घाबरलो किंवा चिडलो म्हणजे रक्तात येते तेच हे द्रव्य. मग छाती धडधडते, हात थरथरतात, मन अस्वस्थ होते. मोठा माणूस म्हणतो, "मला भूक लागली आहे." आठ वर्षांच्या मुलाला हे ओळखता येत नाही. ते शेजारच्याला ढकलते.

आता विद्वान मंडळी काय सांगतात ते पाहू. १९९६ साली आपल्या इस्राएलमध्येच झालेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ११ ते १३ वर्षांची ५६९ मुले त्यात होती. काही मुलांना पंधरा दिवस शाळेतच दूध आणि कॉर्नफ्लेक्स दिले, बाकीची नेहमीप्रमाणे घरून खाऊन किंवा न खाता आली. नंतर सर्वांची स्मरणशक्तीची व लक्षाची परीक्षा घेतली. ज्यांनी शाळेत अर्ध्या तासापूर्वी खाल्ले होते, त्यांना चांगले गुण मिळाले. परंतु ज्यांनी घरी दोन तास आधी खाल्ले होते, त्यांना न खाणाऱ्यांपेक्षा फारसा फायदा दिसला नाही. आम्हा आज्यांना यातून घेण्यासारखे आहे. पहाटे सहाला झोपेत मुलाच्या तोंडात दोन घास कोंबले म्हणजे काम झाले असे नाही. खाणे शाळेच्या वेळेजवळ हवे, आणि दहाचा डबाही धड हवा.

मनाविषयी म्हणाल, तर १९९८ साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया व बाल्टिमोर या शहरांतल्या शाळांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तेथे शाळेत सकाळी मोफत न्याहारी सुरू केल्यावर जी मुले ती पूर्वीपेक्षा अधिक वेळा खाऊ लागली, त्यांचे गणिताचे गुण वाढले, गैरहजेरी व उशिरा येणे कमी झाले, आणि उदासपणा, काळजी व अतिचंचलपणा यांतही घट दिसली. पुढे २०२२ साली स्पेनमधील ४ ते १४ वर्षांच्या ३,७७२ मुलांची पाहणी प्रसिद्ध झाली. न्याहारी टाळणाऱ्या मुलांत वागणुकीचे व भावनांचे त्रास अधिक आढळले. घरी न खाता बाहेर कोठेतरी खाणाऱ्या मुलांतही ते अधिक आढळले. म्हणजे काय खाल्ले याच्याबरोबर कोठे आणि कोणाजवळ बसून खाल्ले, हेही बहुधा महत्त्वाचे असावे.

त्याच स्पेनच्या पाहणीत एक गंमत आहे. दूध, पाव, धान्य खाणाऱ्यांत त्रास कमी दिसला, तर अंडी आणि चीज खाणाऱ्यांत थोडा अधिक! आता येथे इस्राएलात तर सकाळी अंडे आणि चीज हेच सगळ्यांचे खाणे. मग काय अंडी बंद करायची? मुळीच नाही. एकदाच केलेल्या पाहणीत दोन गोष्टी एकत्र दिसतात, पण कोणती आधी आली हे कळत नाही. जे मूल आधीच उदास आहे तेही सकाळी खात नाही. आधी कोंबडी की आधी अंडे, हा प्रश्न येथे खरोखरच अंड्यापाशी येऊन थांबतो. अंडे पोट भरते, ते चांगले अन्न आहे, खुशाल द्यावे.

आणखी एक अभ्यास जमेकामधला, १९९० च्या दशकातला. तेथे खेड्यांतील शाळांत मुलांना न्याहारी दिली. ज्या शाळेत वर्ग नीट होते, बसायला जागा होती, तेथे मुले अधिक लक्ष देऊ लागली. ज्या शाळांत गर्दी व गोंधळ होता, तेथे पोट भरल्यावर मुलांचा दंगा उलट वाढला! म्हणजे न्याहारी मुलाला अंगात शक्ती देते. ती शक्ती कोठे लावायची, ते घराने आणि शाळेने दाखवायचे असते.

आता आमच्या एका गैरसमजाविषयी. आम्ही सगळ्याजणी सुनांना सांगत आलो, की साखर खाल्ली म्हणून मूल नाचते. नर्सबाईंनी आमचे कान उपटले. १९९५ साली अनेक प्रयोग एकत्र तपासण्यात आले, आणि साखरेमुळे मुलांचे वागणे बिघडते असे त्यांत दिसले नाही. त्याच्या आदल्या वर्षीचा एक प्रयोग ऐका. काही आयांना सांगितले, की तुमच्या मुलाला साखरेचे पेय दिले आहे. प्रत्यक्षात त्यात साखर नव्हती. तरीही त्या आयांना आपले मूल अधिक चंचल वाटले, आणि त्यांनी मुलाला अधिक टोकले! सांगा, चंचल कोण झाले?

याचा अर्थ चॉकलेटचा पाव ही न्याहारी झाली असा नाही. गोड पाव आणि शोको यांनी पोट लवकर रिकामे होते, दहाच्या आत पुन्हा भूक लागते, दात किडतात, आणि चांगले अन्न पोटात जायचे राहून जाते. कृत्रिम रंगांची गोष्ट मात्र वेगळी आहे. २००७ साली इंग्लंडमध्ये ३ वर्षांच्या व ८-९ वर्षांच्या मुलांवर केलेल्या प्रयोगात काही खाद्यरंगांच्या मिश्रणाने काही मुलांचा चंचलपणा वाढलेला दिसला. २०१० पासून युरोपात असे सहा रंग असलेल्या पदार्थांवर, मुलांच्या लक्षावर व वागण्यावर परिणाम होऊ शकतो, अशी सूचना छापावी लागते. सकाळी रंगीत गोळ्यांचे, इंद्रधनुष्यासारखे कॉर्नफ्लेक्स घ्यायचे कारणच नाही.

हे सारे आजचे शास्त्र झाले. आपल्या ऋषितुल्य पूर्वजांनीही या विषयाला हात घातला आहे. तलमुदाच्या बाबा मेत्सिया भागात 'पत शहरित', म्हणजे सकाळची भाकरी, हिचे गुण सांगितले आहेत. 'महला' म्हणजे आजार, या हिब्रू शब्दाच्या अक्षरांची बेरीज ८३ होते. सकाळी मीठ लावलेली भाकरी आणि पाणी घेतल्याने हे ८३ आजार टळतात, असे तेथे म्हटले आहे. आम्हाला त्याहून महत्त्वाचे वाटले ते पुढचे. सकाळी खाणाऱ्याला विद्या शिकता येते, शिकलेले त्याच्याजवळ टिकते, लोक त्याचे म्हणणे ऐकतात, आणि काहींच्या मते त्याच्या मनातला मत्सर जाऊन प्रेम येते. शिकणे, लक्षात राहणे, आणि इतरांशी प्रेमाने वागणे! मोराच्या तक्रारीत याच तर तीन गोष्टी असतात. आणि आपल्या कोकणात शेजारी म्हणत असत, आधी पोटोबा, मग विठोबा. तेफिलापूर्वी खाऊ नये हा नियम मोठ्यांचा आहे, लहान मुलांचा नाही.

मग ताटात काय द्यावे? यासाठी नवे काही विकत आणायला नको. न्याहारीत तीन गोष्टी असाव्यात, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. पोट धरून ठेवणारे धान्य, सोबत अंडे, दूध, दही, चीज किंवा कडधान्य, आणि एखादे फळ किंवा काकडी-टोमॅटो. भरड पिठाचा पाव, गविना आणि काकडी, हे झाले. उकडलेले अंडे आणि संत्रे, हे झाले. आपले कांदेपोहे शेंगदाणे घालून आणि वर लिंबू पिळून, हेही झाले. एलियाहू हन्नाबीच्या मलिद्याला पोहे लागतात म्हणून ते आपल्या घरी असतातच. पोह्यांत दूध नाही की मांस नाही, म्हणून डब्याला कशाहीबरोबर चालतात. मात्र वर्गात कोणाला शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर डब्यात घालू नयेत, आणि पाच वर्षांखालील मुलांना अख्खे दाणे मुळीच देऊ नयेत, घशात अडकतात.

तांदळाच्या पिठाच्या घावनात मूठभर बेसन कालवावे, म्हणजे भूक अधिक वेळ धरते. ज्या भाकरीला आमची मुले लाजत होती, तिच्यावर तहिना आणि खजुराचे सिलान लावून द्या. आमची नातवंडे ती गुंडाळी करून खातात आणि वर्गातली मुले आता मागतात! इडली, आंबोळी, रात्रीचे उरलेले वरण व भात, काहीही चालेल. न्याहारीचेच म्हणून पदार्थ असतात असे कोठे लिहिले आहे? कोकणात आपण सकाळी पेजच घेत होतो.

एक गोष्ट मात्र ऐकून वाईट वाटेल. मुलांना चहा देऊ नका. आपण सगळे चहाबाज. बशीत ओतून दिलेला चहा आणि त्यात बुडविलेला पाव यावर आपली मुले वाढली. पण जेवणाबरोबरचा चहा अन्नातले लोह अंगी लागू देत नाही. लोह कमी पडले की मूल फिकट, थकलेले, चिडचिडे होते. कोस्टा रिकामध्ये ज्या मुलांना तान्हेपणी लोहाची मोठी कमतरता होती, ती ११ ते १४ वर्षांची झाल्यावरही अभ्यासात मागे व वागणुकीत अडचणीची आढळली. इस्राएलमध्ये चार महिन्यांपासून दीड वर्षापर्यंत बाळाला लोहाचे थेंब द्या, असे आरोग्य खाते सांगते. कपड्यांवर डाग पडतात म्हणून थेंब बंद करणाऱ्या सुनांना प्रेमाने समजवा. लिंबू, संत्रे, टोमॅटो यांनी लोह अंगी लागायला मदत होते. पोह्यांवर लिंबू पिळणाऱ्या आपल्या आया अडाणी नव्हत्या.

आता द्यायचे कसे? येथे आम्हा आज्यांना जपून वागले पाहिजे. सुनेच्या स्वयंपाकघरात जाऊन, "तू पोराला उपाशी ठेवतेस," असे म्हटले की न्याहारी बाजूला राहते आणि भांडण सुरू होते. सून सकाळी सहाला धावते आहे, जशा आपण धावत होतो. तिला विचारावे, "मी साडेसहाला येऊ का? की तूच त्याला माझ्याकडे सोडतेस?" मुलाने नको म्हटले तर जबरदस्ती करू नये. उठल्याबरोबर भूक नसते. अर्धा तास आधी उठवावे, थोडे पाणी द्यावे, दोन घासांनी सुरुवात करावी. टेबलावर फोन ठेवू नये, तुमचाही नको. हामोत्सी मोठ्याने म्हणावी आणि त्याच्यासमोर बसून आपणही खावे. नुसते उभे राहून वाढत राहिले, तर मुलाला ती पहारेदारी वाटते.

ऑक्टोबर २०२३ पासून आपण सर्वांनी भोंग्यांच्या रात्री पाहिल्या. मुले आश्रयाच्या खोलीत झोपली, अर्धी रात्र जागी राहिली. अशा रात्रीनंतर सकाळी मूल खात नाही, पोट दुखते म्हणते. ते खोटे बोलत नाही, भीतीने पोट खरोखरच आवळते. अशा वेळी ताट भरून देऊ नका. कोमट दूध, अर्धे केळे, भाताची पेज पुरे. रोजच्या वेळी, रोजच्या जागी, रोजचे माणूस समोर बसलेले दिसले की मुलाला थोडा धीर येतो.

काही मुलांना डॉक्टरांनी रिटालिनसारखी गोळी दिलेली असते. तिने भूक मरते. म्हणून गोळीच्या आधी न्याहारी द्यावी, नंतर मूल खायचे नाही. पण, "गोळी फेकून दे, माझे घावन खा," असे कोणा आजीने म्हणू नये. तो निर्णय डॉक्टरांचा व आईवडिलांचा. तसेच मूल दोन-तीन आठवडे सतत उदास असेल, झोपत नसेल, शाळेत जायला रडत असेल, किंवा मोठी मुलगी वजनाच्या भीतीने जेवण टाळू लागली असेल, तर पोह्यांवर विसंबू नका. डॉक्टरांकडे जा, शाळेतल्या योएत्सेतला भेटा. यात लाज नाही. आमच्या पिढीने लाजेपायी पुष्कळ लपविले, आणि मुलांनी ते भोगले.

त्या आठ वर्षांच्या नातवाचे पुढे काय झाले, ते सांगायचे राहिले. आजी रोज साडेसहाला जाऊ लागली. पहिला आठवडा त्याने तोंड फिरविले. दुसऱ्या आठवड्यात घावन खाऊ लागला. हनुक्कापर्यंत मोराचे फोन कमी झाले, ढकलाढकली जवळजवळ थांबली. पण लक्ष मात्र अजून भरकटत होते. मग तपासणी केली, आणि आता त्याला शाळेत त्यासाठी वेगळी मदत मिळते आहे. आमची समजूत अशी झाली, की न्याहारीने मुलाचे सगळे दुखणे बरे होत नाही, पण भूक दूर झाली म्हणजे खरे दुखणे कोणते ते दिसू लागते. आमच्या मुलांच्या वेळी भूक आणि बुद्धी यांतला फरक कोणी पाहिलाच नाही. शाळेने पाहिला नाही, आणि आम्हीही पाहिला नाही.

म्हणून शेवटी कमिटीपुढे एक मागणी ठेवतो. आपल्या सिनेगॉगच्या हॉलला लागून स्वयंपाकघर आहे. मलिदा, लग्ने व बार मित्स्वा सोडल्यास ते बंद असते. ते शाळेच्या दिवशी, रविवार ते गुरुवार, पावणेसात ते पावणेआठपर्यंत उघडावे. पोहे, घावन, अंडी, दूध एवढेच करायचे. मांस नाही, त्यामुळे भांड्यांचा प्रश्न नाही. करायला आम्ही चौघी आहोत, आणखी सहाजणींनी नावे दिली आहेत. मूल कोणाचे आहे, भारतातून आलेल्यांचे की मोरोक्कोहून, रशियाहून वा इथिओपियाहून आलेल्यांचे, हे विचारायचे नाही. पैसे असतील त्याने डब्यात टाकावे, नसतील त्याने नुसते खावे. कोणाचे मूल येते याची नोंद ठेवायची नाही, म्हणजे कोणाला लाज वाटणार नाही.

सिनेगॉगला पन्नास वर्षे झाली. आपल्या वडीलधाऱ्यांनी पगारातून पैसे काढून हे उभे केले, म्हणून आज आपण येथे बसलो आहोत. खर्चाचा अंदाज आम्ही कागदावर लिहून अध्यक्षांना दिला आहे. आम्हाला कमिटीकडून पैसे नकोत, फक्त किल्ली हवी आहे.

ज्यांची मुले त्या काळी उपाशी शाळेत गेली, त्या सर्व आयांच्या वतीने ही मागणी आहे. परमेश्वर आपल्या मुलाबाळांना, नातवंडा-पतवंडांना शांत झोप, पोटभर अन्न आणि आनंदी मन देवो.

आमेन. शालोम.